बांगडीच्या खाली

गेल्या महिन्यात आमच्या घाटावर साऊंडवाल्या कारभारीनानांनी एका बड्या माणसाचा माईक भर श्रद्धांजलीत बंद केला.

गृहस्थ कारखान्याचे संचालक, म्हणजे आमच्याकडे देवाच्या खालोखाल. "दादांच्या जाण्याने तालुक्यात जी पोकळी" इथपर्यंत ते माईकवर होते. पोकळीचं पुढे काय झालं ते मागे बसलेल्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. खुद्द संचालकांनाही माईक गेल्याचं बऱ्याच वेळाने लक्षात आलं, कारण त्यांचा आवाज त्यांना स्वतःला माईकशिवाय पुरेसा ऐकू येत होता. मी सूत्रसंचालक. धावत नानांकडे गेलो.

"नाना, माईक गेला."

हल्ली नानांना कुठलीही गोष्ट दोनदा सांगावी लागते. मी दोनदा सांगितली.

"गेला न्हाई, घालवलाय," नाना मिक्सरवरून मान वर न करता म्हणाले. "सायेब रेघ वलांडून आलेत. मागं घ्या त्यांना."

मी संचालकांना दंडाला धरून दोन पावलं मागे घेतलं. अशी हिंमत तालुक्यात कुणाची नाही, माझीही नाही. पण नानांच्या मिक्सरपुढे माझं काही चालत नाही. त्याला कारण आहे, आणि ते कारण मीच आहे. सांगतो.

आधी रेघ. कार्यक्रमाच्या दिवशी नाना घाटावर सगळ्यांच्या आधी येतात. दोन बाजूंना स्पीकरचे दोन बॉक्स उभे करतात, तोंडं लोकांकडे. मग कबड्डीच्या मैदानाला मारतात तशी पांढऱ्या फक्कीची रेघ या बॉक्सपासून त्या बॉक्सपर्यंत मारतात. बोलणाऱ्याने तिच्या मागे राहायचं. पुढे गेला की तो बॉक्सच्या तोंडासमोर आला. मग बॉक्समधला आवाज माईकमध्ये शिरतो, माईक तो पुन्हा बॉक्सला देतो, बॉक्स पुन्हा माईकला, आणि हे वाढत वाढत एकदम कानात सुई घातल्यासारखी शिट्टी. "माईकला सोताचा आवाज ऐकू द्यायचा न्हाई, सर," नाना मला सांगतात. "मानसालाबी न्हाई. दोघंबी बिघडत्यात." हे सांगताना ते माझ्याकडे जरा जास्त वेळ बघतात, असं मला वाटतं.

वायरचा माईक होता तोवर रेघेची गरज पडत नव्हती. बिनवायरचा कॉर्डलेस आला आणि नानांच्या डोक्याला ताप झाला. "वायर हुती तवा मानूस दाव्याला हुता," ते म्हणतात. "आता सुटलेलं जनावर. कुनाच्याबी रानात घुसतंय."

दुसरी गोष्ट बांगडीची. नानांच्या दोन्ही कॉर्डलेसना जाळीच्या खाली एकेक हिरवी प्लास्टिकची बांगडी आहे, आत चिंधी गुंडाळून घट्ट बसवलेली. लोकांना माईकची जाळी मुठीत धरायची खोड असते. मूठ जाळीवर गेली की शिट्टी आलीच म्हणून समजा. म्हणून माईक हातात देताना नाना प्रत्येकाला, मग तो आमदार असो की मयताचा भाचा, एकच मंत्र सांगतात: "बांगडीच्या खाली हात, व्हटाजवळ माईक, बोलून झालं की बंद." एका माजी सरपंचांचं डोकं फिरलं. "आम्ही काय हातात बांगड्या भरल्यात का?" म्हणाले. नाना म्हणाले, "तुमी न्हाई, माईकनं भरल्यात. तुमी नुसतं खाली धरा." सरपंचांनी माईक परत केला, बिनमाईकचे बोलले आणि लवकर आटोपले. त्या दिवशी नानांविषयी गावात बरंच चांगलं बोललं गेलं.

शिट्टी म्हटली की नानांचा चेहरा बदलतो. घाटावर शिट्टी होता कामा नये, एवढ्या एकाच गोष्टीसाठी हा माणूस जगतो असं वाटावं. एकटे राहतात, पण घरात कुकर नाही. भात पातेल्यात शिजवतात. शेजारणीने दिलेला कुकर दुसऱ्याच दिवशी परत गेला. "त्याला शिट्टी हुती," एवढंच कारण. शाळेच्या क्रीडामहोत्सवात साऊंड नानांचा होता, तेव्हा त्यांनी खेळाच्या सरांना शिट्टीऐवजी रुमाल हलवायला लावला. सरांनी हलवला. धावणाऱ्या पोरांपैकी निम्मी धावली, निम्मी रुमालाकडे बघत उभी राहिली.

आता मी. मी हायस्कुलात मराठी शिकवत होतो. निवृत्त झालो आणि गावातली माणसं भराभर जायला लागली. आधीही जात असणार, पण तेव्हा मला तास असायचे. आमचं गाव कोपरगाव तालुक्यातलं, गोदावरीच्या काठावरचं. घाट चांगला बांधलेला, त्यामुळे आसपासच्या गावांचे दहावेही आमच्याकडेच. सकाळी प्रवचन, मग श्रद्धांजली, मग कावळा. कुणाच्या वतीने कोण बोलणार ती यादी माझ्या खिशात: सोसायटीच्या वतीने, दूध डेअरीच्या वतीने, मित्रमंडळाच्या वतीने, समस्त सोयऱ्यांच्या वतीने. मयताच्या वतीने तेवढं कुणी बोलत नाही. लोक म्हणत, सरांचा आवाज चांगला आहे. मला तो चांगल्याहून जास्त वाटायचा. आठवड्यातून एकदा-दोनदा मी घाटावर उभा राहून उत्तम मराठीत दुःख व्यक्त करत असे आणि घरी येऊन भरपेट जेवत असे.

नानांच्या टेम्पोवर 'शेवंता साऊंड सर्व्हिस' असं रंगवलं आहे. खाली गाव, तालुका आणि जिल्ह्याचं जुनंच नाव. शेवंता ही त्यांची बायको. तिशीच्या आत तापाने तिचे कान गेले. बहिरीच्या नावाने साऊंड, म्हणून गावाने चेष्टा करून घेतली. नाना म्हणायचे, "तिच्या वाटनीचा आवाज शिल्लक ऱ्हातोय, तो लोकांना द्यायचा."

पुढे त्यांनी नगरहून तिच्या कानाला मशीन आणलं. मशीन म्हणजे बारका माईक आणि बारका बॉक्स, आणि दोघं एकाच कानात बसलेले. नानांच्या हिशेबी याहून चुकीची मांडणी नाही. ते शिट्टी मारणारच. कानाजवळ पदर आला, उशी आली, हात आला की कूऽऽ. तिला स्वतःला ती बारीक शिट्टी ऐकू येत नसे. बाकी सगळ्यांना येई. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना शिट्टी सुरू झाली. नानांनी एकेक करत मिक्सरच्या सगळ्या सरकत्या पट्ट्या खाली घेतल्या. भटजींचा आवाज पार गेला, शिट्टी चालूच. मग बघतात तर पहिल्या रांगेत शेवंताकाकू, गोंगाट सहन होईना म्हणून कानावर हात ठेवून, शांतपणे बसलेल्या.

सगळ्यात जास्त शिट्टी व्हायची ती नाना जवळ गेले की. काही सांगायला कानाशी वाकले की मशीन ओरडायचं. 'कारभाऱ्याची बायको नवरा जवळ आला की शिट्टी मारती' ही आमच्या गावातली जुनी थट्टा. काकूंच्या कानापर्यंत ती जात नव्हती; नानांच्या जायची आणि ते लाजायचे. मग हातभर मागे सरकून मोठ्याने बोलायचे. त्यांचा सगळा संसार असा हातभर अंतरावरून, आळीला ऐकू जाईल अशा आवाजात झाला. त्यांच्या घरी आज कसली भाजी आहे हे आम्हाला रोज कळायचं.

काकू सहा वर्षांपूर्वी थंडीत गेल्या. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी नाहीत. एकच मुलगी, दिलेली लांब राजूरच्या बाजूला. त्यामुळे दहाव्याला क्रियेला नाना स्वतः बसले, मुंडण करून, उघड्या अंगाने. साऊंड मात्र त्यांचाच. आज तरी दुसऱ्या कुणाचा सांगू या, असं लोक म्हणत होते, त्यांनी मानलं नाही. पहाटे येऊन सगळं लावलं, पट्ट्या बसवल्या आणि बजावलं, "मिक्सरला कुनी हात लावू नका. माईकचं तेवढं सर बघतील." तेव्हा रेघ नव्हती, बांगडी नव्हती, आणि मिक्सरपाशी माणूसही नव्हता.

मी आदल्या दिवशी एक वाक्य तयार केलं होतं. 'जिच्या नावाने साऱ्या पंचक्रोशीला आवाज ऐकू गेला, त्या माउलीने स्वतः मात्र आयुष्यभर शांतता ऐकली.' आता लिहितानाही लाज वाटते, पण तेव्हा ते मला फार आवडलं होतं. प्रवचन लांबलं, पुढारी लांबले, आणि माझं वाक्य राहून गेलं. पिंड मांडून झाले. बाजूला काकूंच्या आवडीचा चहा आणि भेळेचा पुडा. तेवढ्यात एक कावळा पायरीवर उतरला. उड्या मारत पिंडापासून हातभर अंतरावर येऊन थांबला. घाटावर एकदम सामसूम झाली. अशा वेळी सूत्रसंचालकाने तोंड मिटून उभं राहायचं असतं.

मला ते वाक्य सोडवेना. हळुवार म्हणावं, कुणाच्याही काळजाला हात घालेल असं, म्हणून मी माईकची जाळी दोन्ही हातांनी कवटाळली आणि वाक्य सुरू करत काकूंच्या फोटोकडे चालत गेलो. थेट बॉक्सच्या तोंडासमोर.

तसली शिट्टी मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. मला बटण सापडेना. कावळा उडाला. वडावर बसलेले सगळे उडाले आणि नदीपलीकडच्या उसावर गेले. अखेर कुणीतरी मिक्सरची वायर उपटली. शिट्टी थांबली तेव्हा नाना मान वर करून माझ्या दिशेने बघत होते. तोंड उघडं, डोळे मोठे झालेले. त्यांचं ते बघणं माझ्या मनातून गेलेलं नाही.

मग कावळा येईना. ऊन चढलं. बाईची काहीतरी इच्छा राहिली, असं बायका म्हणायला लागल्या. जो तो सुचवू लागला आणि नाना हात जोडून एकेक गोष्ट कबूल करू लागले. "लेकीचं माहेर तुटू द्यायचो न्हाई! म्हस इकायचो न्हाई! देवीला जाऊन यीन!" हे सगळं ओरडून, कारण तिच्याशी तसंच बोलायची सवय. पिंडापासून हातभर मागे सरकून. ते बघून एकदोघांना हसू आलं, आणि मग बरेच जण रडले. दुपारी बाराला भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि लोक उठले. मला कुणी बोल लावला नाही. सोसायटीचे चेअरमन जाता जाता "वाक्य चांगलं चाललं होतं, सर" म्हणाले, ते मात्र अजून जिव्हारी आहे.

महिन्याभराने नाना पुन्हा कामाला लागले. लग्नं त्यांनी सोडून दिली, शाळेचा एखादा कार्यक्रम सोडला तर फक्त दहावे घेऊ लागले. पहिल्याच दहाव्याला मला फक्कीची रेघ दिसली आणि माईकला बांगडी दिसली. ती बांगडी शेवंताकाकूंच्या हातात मी वर्षानुवर्षं बघितलेली. मी समजायचं ते समजलो. दोनदा विषय काढून पाहिला. "जाऊ द्या सर. बांगडीच्या खाली धरा," एवढंच उत्तर. चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तेव्हापासून मी त्या बांगडीच्या खाली हात धरून बोलतो आहे. माझं बोलणं आता तीन मिनिटांत संपतं. गावाचा तेवढा फायदा झाला.

नानांची आणखी एक रीत सांगायची राहिली. कार्यक्रमाच्या दिवशी पहाटे, घाटावर चिटपाखरू नसताना, ते मुद्दाम शिट्टी काढतात. माईक ओरडेपर्यंत आवाज वाढवत न्यायचा. तो कुठल्या सुरात ओरडतो ते ओळखायचं आणि मिक्सरवरची नेमकी त्या सुराची पट्टी खाली घ्यायची. पुन्हा वाढवायचा, पुन्हा नवी शिट्टी, पुन्हा एक पट्टी खाली. असं चार-पाच वेळा केलं की दिवसभर बिनघोर. "आधीच रडवून घ्यायचं," नाना म्हणतात, "म्हंजी चारचौघांत रडत न्हाई." आमचं घर घाटाजवळ. पहाटे ती शिट्टी आली की आमची ही "आज दहावा दिसतोय" म्हणते आणि माझा पांढरा सदरा काढून ठेवते.

गेले काही आठवडे शिट्टी भलत्याच दिवशी यायला लागली. गावात कुणी गेलेलं नसताना. म्हातारी माणसं दारात येऊन एकमेकांची खात्री करून घेऊ लागली. परवा गुरुवारी पुन्हा तेच. ही म्हणाली, "बघून या हो. कुणी गेलं असेल तर तुमची यादी व्हायची आहे. आणि गेलं नसेल तर नानांना म्हणावं, अशाने एखादा जाईल."

मी गेलो. नुकतं उजाडत होतं. घाटावर बॉक्स, मिक्सर आणि नाना. फक्कीची रेघ मारलेली होती आणि नाना स्वतः तिच्या पलीकडे, बॉक्सच्या तोंडासमोर माईक धरून उभे होते. माईक जरा कलता करत, शिट्टी निघाली की मान तिरकी करून ऐकत, मग नाही म्हणून मान हलवत, मिक्सरपाशी जाऊन एखादी पट्टी वर-खाली करत आणि पुन्हा येऊन उभे राहत. मी तीनदा हाक मारली. चौथ्यांदा खांद्याला हात लावला.

"नाना, कोण गेलं?"

"कोनी न्हाई."

"मग हे काय चाललंय?"

"बसा सर."

आम्ही पायरीवर बसलो. काय झालं कुणास ठाऊक, सहा वर्षं घशात अडकलेलं माझ्या तोंडातून बाहेर पडलं. "नाना, त्या दिवशी चुकलं माझं. माझ्यामुळे काकूंच्या पिंडाला कावळा शिवला नाही."

"काय?"

मी पुन्हा म्हटलं, मोठ्याने. असली गोष्ट दुसऱ्यांदा आणि ओरडून सांगण्याची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

"कावळ्याचं काय घिऊन बसलात," नाना म्हणाले. "कावळा कशाला पायजे? ती सोता आल्ती की."

मला काही कळेना.

"शिट्टी ऐकली न्हाई का तुमी? तिच्या मशीनची शिट्टी, सर. त्योच सूर. मी दचकून वर बघितलं. मला वाटलं, तुमच्या मागं हुबी हाय."

म्हणजे ते माझ्याकडे बघत नव्हते. सहा वर्षं मी तीन मिनिटांत उरकत होतो, आणि त्या माणसाला मी तिथे दिसलोही नव्हतो.

"मशीन तिच्या कानातच ऱ्हायलं," नाना सांगत होते. "केसाखाली हुतं, घाईत कुनाच्या ध्यानात आलं न्हाई. तिच्याबरुबर जळलं. दुसरं आनून बघितलं, त्याची शिट्टी येगळी."

"मग ही रेघ? ही बांगडी? मला वाटायचं, माझ्यासाठी आहे."

"तुमच्यासाठी कशाला? माझ्यासाठी हाय. भरल्या दहाव्यात तिची शिट्टी निगाली तर मी मिक्सरवर बसू कसा? म्हून पहाटं हितं यिऊन आधी रडवून घेतो." कुणाला, ते मी विचारलं नाही.

नानांनी बॉक्सकडे बोट दाखवलं. "पन त्यो सूर गावंना झालाय. बॉक्स त्योच, माईक त्योच. जवळ येतो आन् निसटतो. आन् आता ह्ये." त्यांनी कानाला हात लावला. "नगरला दाखवून आलो. डॉक्टर म्हनला, वय झालं, बारीक सूर आधी जात्यात. परवाच्या दहाव्याला बारीक शिट्टी झाली. पुढं बसलेल्या बायांनी कान झाकले तवा मला कळलं. आजून वरीसभर ऐकू यील, मग त्यो सूर मिळाला तरी काय उपेग? म्हून रोज येतो."

"डॉक्टर मशीन लावा म्हणाले असतील."

"म्हनला."

"लावा की मग. तेही मारेल शिट्टी." मी काहीतरी हलकं बोलायला गेलो. माझी जुनी खोड.

"कानापाशी कोनी आलं तर मारंल ना, सर," नाना म्हणाले. "कोन येतंय?"

नाना उठले आणि त्यांनी माईक माझ्यापुढे धरला. "तुमी धरा. त्या दिशी धरला हुता तसा. त्यो सूर तुमच्या हाताचा हाय. मला आयुष्यभर बरुबर धरायची सवय, तसं चुकीचं धरनं जमंना."

मी माईक घेतला. हात सवयीने बांगडीच्या खाली गेला.

"वर," नाना म्हणाले. "जाळीवर. दोनी हात."

मी दोन्ही हात जाळीवर घेतले आणि त्यांच्यादेखत रेघ ओलांडली. पायाखालची फक्की पुसली गेली.

"बोला की. त्या दिशी बोलत हुता."

रिकाम्या घाटावर मी ते वाक्य म्हणायला सुरुवात केली. जिच्या नावाने साऱ्या पंचक्रोशीला. इतकं भिकार वाक्य मी दुसरं लिहिलेलं नाही. 'आवाज' या शब्दाशी शिट्टी सुरू झाली. नाना मिक्सरपाशी उभे राहून हाताने खुणा करत होते. पुढे. अजून. जरा डावीकडे. मी सरकत होतो आणि शिट्टी बारीक होत चालली होती. वडावरचे कावळे उठून पलीकडे उसावर गेले.

मग नानांचा खूण करणारा हात मध्येच थांबला. त्यांनी मान तिरकी केली. पट्टीला हात लावला नाही. ते हळूच हातभर मागे सरकले आणि मोठ्याने, आळीला ऐकू जाईल अशा त्या जुन्या आवाजात, काहीतरी बोलू लागले. शिट्टीत मला त्यातला एक शब्दही कळला नाही. ते माझ्यासाठी नव्हतंच.

बराच वेळ ते बोलत होते. माझे हात भरून आले होते, पण मी ते बांगडीच्या खाली आणले नाहीत.